किलर टी पेशीला दुसऱ्या पेशीच्या आतलं कसं कळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विषाणू पेशीच्या आत दडलेला असतो, मग किलर टी पेशीला, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीला, तो बाहेरून कळतो कसा? दुसरं, टी पेशीच्या रिसेप्टरची, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरच्या ओळखणाऱ्या प्रथिनाची, पकड अँटिबॉडीच्या तुलनेत फारच ढिली असते असं पाठ्यपुस्तकात दिलं आहे. इतक्या ढिल्या पकडीवर समोरच्या पेशीला मारायचं की सोडायचं हे ठरत असेल, तर पदोपदी चुका कशा होत नाहीत? आणि तिसरं, कुठला तुकडा ओळखला जाईल हे संगणकावर आधी सांगता येतं का?

माझं काम बरीच वर्षं याच पेशींवर चाललं आहे, आणि माझ्या मते तिन्हींत दुसरा प्रश्न सर्वांत चांगला आहे. पाठ्यपुस्तकं हे वाक्य देतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. पण त्याचं उत्तर समजायला पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल.

किलर टी पेशीला विषाणू दिसतच नाही. अँटिबॉडी रक्तात मोकळी फिरते, पेशीबाहेर जे सापडेल त्याच्या पृष्ठभागावर, प्रथिनाच्या घडीवर जाऊन बसते. विषाणू एकदा पेशीत शिरला की तिचे हात बऱ्याच अंशी बांधले जातात. किलर टी पेशीचा रिसेप्टर, म्हणजे टीसीआर, मोकळ्या विषाणूला चिकटत नाही आणि मोकळ्या प्रथिनालाही नाही. त्याला लागतो त्या प्रथिनाचा आठ ते दहा अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा, आणि तोही आपल्याच पेशीच्या एका ठरावीक प्रथिनाने पृष्ठभागावर धरून ठेवलेला. हे धरणारं प्रथिन म्हणजे एमएचसी क्लास वन. माणसात त्याला एचएलए म्हणतात. नुसता तुकडा दिला तर काही होत नाही, दुसराच तुकडा धरलेलं एचएलए दिलं तरी काही होत नाही. दोन्ही मिळून जो एक पृष्ठभाग तयार होतो, तो ओळखला जातो.

हे कळायला बराच काळ लागला. १९७३-७४ मध्ये कॅनबेराच्या जॉन कर्टिन स्कूल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी उंदरांमधल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूवर काम करत होते. त्यांची पद्धत आजही शिकवली जाते. ज्या पेशींना मारायचं आहे त्यांच्यात किरणोत्सारी क्रोमियम भरून ठेवायचं, त्यांच्यावर किलर पेशी सोडायच्या, आणि काही तासांनी वरच्या द्रवात किती क्रोमियम आलं ते मोजायचं. पेशी फुटली की क्रोमियम बाहेर येतं. त्यांना दिसलं असं की संसर्ग झालेल्या उंदराच्या किलर पेशी संसर्ग झालेल्या पेशींना मारतात, पण त्या पेशी त्याच एमएचसी प्रकाराच्या असतील तरच. विषाणू तोच, संसर्ग तोच, पण पेशी वेगळ्या एमएचसीच्या उंदराची असेल तर किलर पेशी तिला हातही लावत नव्हत्या. म्हणजे ओळख नुसत्या विषाणूची नव्हती. या शोधाला १९९६ साली नोबेल मिळालं.

तरी नेमकं काय ओळखलं जातं, यावर दहाएक वर्षं वाद चालू राहिला. एका गटाचं म्हणणं होतं की टी पेशीला दोन रिसेप्टर असावेत, एक विषाणूसाठी आणि एक एमएचसीसाठी. दुसऱ्यांच्या मते रिसेप्टर एकच, पण तो बदललेलं ‘स्व’, म्हणजे विषाणूमुळे बदललेलं आपलंच एमएचसी, पाहतो. ही कोंडी फोडली इन्फ्लुएंझाच्या एका प्रथिनाने. न्यूक्लिओप्रोटीन हे विषाणूचं आतलं प्रथिन. ते पेशीच्या केंद्रकात जातं, तिथे विषाणूच्या आरएनएला गुंडाळून बसतं, आणि पेशीच्या पृष्ठभागावर अखंड स्वरूपात यायचं त्याला काही कारण नाही. तरीही इन्फ्लुएंझाविरुद्धच्या बऱ्याच किलर पेशी नेमक्या त्याच प्रथिनावर डोळा ठेवून होत्या. अ‍ॅलन टाउनसेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की या प्रथिनाचे प्रयोगशाळेत बनवलेले छोटे तुकडे निरोगी पेशींवर नुसते बाहेरून घातले, तरी किलर पेशी त्या पेशींना मारून टाकतात. विषाणू नाही, संसर्ग नाही, फक्त योग्य पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा.

पुढच्याच वर्षी पामेला ब्योर्कमन, डॉन वायली आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांच्या गटाने एचएलए-ए२ या रेणूची क्ष-किरणांनी मिळवलेली त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. रेणूच्या वरच्या टोकाला दोन लांब हेलिक्सच्या, म्हणजे मळसूत्री वळणांच्या, भिंती, खाली सपाट तळ, आणि मधे एक खोबण. त्या खोबणीत काहीतरी होतं. एचएलएच्या कुठल्याच भागाशी न जुळणारी इलेक्ट्रॉनांची दाटी तिथे दिसत होती. शुद्धीकरणाच्या सगळ्या पायऱ्यांतून रेणू गेला तरी खोबणीतला माल तसाच राहिला होता. अनेक वेगवेगळ्या पेप्टाइडांचं ते मिश्रण होतं. ते चित्र पाहिल्यावर दोन रिसेप्टरांचा वाद फारसा कुणी पुढे नेला नाही.

आता हा तुकडा तिथे पोचतो कसा? केंद्रक असलेली जवळजवळ प्रत्येक पेशी सतत आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे नमुने पृष्ठभागावर मांडत असते, संसर्ग असो वा नसो. शितावरून भाताची परीक्षा करता यावी म्हणून पेशी स्वतःहून शितं बाहेर ठेवते, असं म्हणा. सायटोप्लाझममधलं प्रोटिअसोम प्रथिनं कापतं. कापलेल्या तुकड्यांपैकी बहुतेकांचं पुढे काहीच होत नाही, इतर एन्झाइम त्यांची काही सेकंदांत अमिनो आम्लं करून टाकतात. वाचलेल्यांपैकी थोडे टॅप नावाच्या वाहकातून एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये ओढले जातात. तिथे नवं एमएचसी, त्याची जोडीदार साखळी बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन, आणि टॅपासिन वगैरे मदतनीस प्रथिनं वाट पाहत असतात. तुकडा लांब असेल तर ईआरएपी१ नावाचं एन्झाइम त्याचं एक टोक छाटतं. खोबणीत तुकडा नीट बसला तरच एमएचसीची घडी स्थिर होते आणि त्याला पृष्ठभागाकडे सोडलं जातं. रिकामा रेणू अस्थिर असतो, तो आतच अडकतो किंवा बाहेर आला तरी फार टिकत नाही. हे फार सोयीचं आहे. पृष्ठभागावर रिकामी एमएचसी पडून राहिली असती तर शेजारच्या मेलेल्या पेशीचे तुकडे त्यांत येऊन बसले असते आणि निरोगी पेशींचा हकनाक बळी गेला असता.

इथे एक शंका हमखास येते. विषाणूची प्रथिनं जुनी होऊन मोडीत निघेपर्यंत थांबावं लागलं, तर बातमी बाहेर जायला दिवस लागतील आणि तोवर नवे विषाणू बाहेर पडलेले असतील. प्रत्यक्षात तुकडे काही तासांतच, बरेचदा नवे विषाणू तयार होण्याआधी, पृष्ठभागावर दिसू लागतात. जोनाथन यूडेल यांनी १९९६ मध्ये त्याचं कारण सुचवलं: रायबोसोमवर, म्हणजे पेशीच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, बनणाऱ्या प्रथिनांपैकी बराचसा भाग मुळातच सदोष असतो, अर्धवट बनलेला किंवा चुकीची घडी पडलेला, आणि तो लगेच मोडीत जातो. तेव्हा पृष्ठभागावर मांडलं जातं ते बऱ्याच अंशी आत्ता या क्षणी काय बनतं आहे त्याचं चित्र. सदोष मालाचं प्रमाण नेमकं किती, यावर मतभेद आहेत, पण ताज्या प्रथिनांचा वाटा मोठा असतो हे पटण्यासारखं आहे. शिवाय संसर्गाच्या जागी इंटरफेरॉन गॅमा हा पेशींना सावध करणारा रेणू आला की प्रोटिअसोमचे काही भाग बदलतात आणि एमएचसीला आवडणाऱ्या शेवटाचे तुकडे जास्त निघू लागतात.

खोबणीची स्वतःची आवड असते. एचएलए-ए२ च्या सर्वांत परिचित प्रकाराला नऊ अमिनो आम्लांच्या तुकड्यात दुसऱ्या जागी ल्युसिन किंवा मेथिओनिन आणि शेवटी व्हॅलिन किंवा ल्युसिन लागतं. एचएलए-बी२७ ला दुसऱ्या जागी आर्जिनिन हवं असतं. एचएलए-ए२४ ला तिथे टायरोसिन चालतं. या जागांवरची अमिनो आम्लं खोबणीच्या खिशांत खाली रुतून बसतात आणि टी पेशीला जवळजवळ दिसत नाहीत. मधली तीन-चार वर तोंड करून राहतात. संपूर्ण विषाणू, त्याचा जीनोम, त्याची सगळी प्रथिनं, आणि एका टी पेशीच्या वाट्याला त्यातलं येतं ते हे तीन-चार अमिनो आम्लांचे हात.

प्रत्येक माणसात क्लास वनचे जास्तीत जास्त सहा मुख्य प्रकार असतात, आईकडून तीन, वडिलांकडून तीन. मानवजातीत मात्र त्यांचे हजारो प्रकार सापडले आहेत. म्हणून एकाच विषाणूचे मला दिसणारे तुकडे आणि तुम्हाला दिसणारे तुकडे वेगळे. विषाणूने एक तुकडा बदलून एका माणसाला चकवलं तरी सगळ्यांना चकवता येत नाही. करोनाच्या ओमिक्रॉन प्रकाराने अँटिबॉडींना चांगलंच चकवलं, पण टी पेशींचा प्रतिसाद बहुतांशी टिकून राहिला, त्याचं कारण हेच. टी पेशींनी पकडलेले तुकडे विषाणूच्या अनेक प्रथिनांत विखुरलेले होते आणि माणसागणिक वेगळे होते.

आता दुसरा प्रश्न.

टीसीआरला दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. त्यांची टोकं एमएचसीवर साधारण तिरकी येऊन बसतात. जन्मजात ठरलेली वळणं बहुधा एमएचसीच्या दोन भिंतींवर टेकतात, आणि जनुकांचे तुकडे जोडताना यादृच्छिकपणे घडलेली तिसरी वळणं, सीडीआर३, मधल्या पेप्टाइडवर येतात. ही पकड मायक्रोमोलर पातळीची असते, म्हणजे चांगल्या अँटिबॉडीच्या तुलनेत हजारपटीने ढिली, कधी त्याहूनही. एक टीसीआर आणि एक पेप्टाइड-एमएचसी यांची जोडी काही सेकंदांत सुटते. १९९६ पर्यंत विशिष्ट टी पेशी रंगवून मोजता येत नव्हत्या त्या यामुळेच. रंग लावलेलं पेप्टाइड-एमएचसी पेशीवर घातलं की नळी धुण्याच्या आत ते निसटायचं. मग मार्क डेव्हिस यांच्या गटातल्या जॉन ऑल्टमन यांनी चार रेणू एकत्र बांधून टेट्रामर बनवला. एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. आजही ढिल्या पकडीच्या पेशी टेट्रामरमधून निसटतात. ट्यूमरविरुद्धच्या पेशी शोधताना हे फार जाणवतं. पेशी आधी डॅसॅटिनिब या औषधात थोडा वेळ ठेवल्या तर टीसीआर आत ओढले जात नाहीत आणि रंग बराच सुधारतो. नव्याने हे काम करणाऱ्यांनी ही युक्ती जरूर वापरून पाहावी.

तर इतकी ढिली पकड असून पेशी फसत कशी नाही? उत्तर पकडीच्या जोरात शोधलं तर सापडणार नाही. ते वेळेत आहे.

टीसीआरची स्वतःची आतली शेपटी अगदी आखूड. संदेश आत नेण्याचं काम त्याच्या सोबतच्या सीडी३ साखळ्या करतात. समोर योग्य पेप्टाइड-एमएचसी लागलं की सीडी८ हा सहरिसेप्टर त्याच एमएचसीच्या खालच्या, न बदलणाऱ्या भागाला धरतो आणि आपल्यासोबत एलसीके नावाचं काइनेझ, म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम, घेऊन येतो. एलसीके सीडी३ च्या शेपट्यांवर एकामागून एक फॉस्फेट लावतं. त्या फॉस्फेटांवर झॅप-७० नावाचं दुसरं काइनेझ येऊन बसतं, त्यालाही फॉस्फेट लागतात, मग ते एलएटी नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट लावतं आणि तिथून कॅल्शियमची लाट उठते, म्हणजे पेशीला कामाला लागण्याचा इशारा मिळतो. या सगळ्या पायऱ्या क्रमाने व्हाव्या लागतात, प्रत्येकीला थोडा वेळ लागतो, आणि मधेच जोडी सुटली तर लावलेले फॉस्फेट पुसले जातात. पुन्हा सुरुवात पहिल्यापासून.

टिमोथी मॅककीथन यांनी १९९५ मध्ये या कल्पनेचं गणित मांडलं, आणि ते कागदावर करून पाहण्यासारखं आहे. समजा पाच पायऱ्या आहेत. योग्य तुकड्यावर प्रत्येक पायरी पार पडण्याची शक्यता ०.८ आहे, जवळपास तसाच दिसणाऱ्या चुकीच्या तुकड्यावर ०.४ आहे. फरक दुप्पट, म्हणजे काहीच नाही. पण पाचही पायऱ्या पार पडण्याची शक्यता पहिल्यात सुमारे ०.३३ आणि दुसऱ्यात सुमारे ०.०१. दुपटीचा फरक शेवटी बत्तीसपट झाला. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, पण पेशी करते ते याच जातीचं काम. टिकण्याच्या वेळेतला लहानसा फरक ती मोठा करून घेते.

प्रयोगात हे पाहायचं तर ओव्हाल्ब्युमिन या अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाच्या त्या प्रसिद्ध आठ अमिनो आम्लांच्या तुकड्यासारखं दुसरं साधन नाही. उंदरांच्या प्रयोगशाळांत त्याला अक्षरांवरून सिनफेकल म्हणतात. ओटी-वन जातीच्या उंदरांच्या किलर पेशी फक्त याच तुकड्यासाठी घडवलेल्या असतात. मूळ तुकड्यात चौथ्या जागी अ‍ॅस्परॅजिन आहे. त्या एका जागी ग्लुटामिन घाला, प्रतिसाद उतरतो. थ्रिओनिन घाला, आणखी उतरतो. व्हॅलिन घातलं की जवळजवळ संपतो. एमएचसीवर तुकडा तेवढाच घट्ट बसलेला असतो, बाकी सात जागा तशाच असतात. फरक फक्त त्या एका अमिनो आम्लाचा, जे वर टीसीआरकडे पाहत असतं. आणि प्रतिसादाची उतरंड बऱ्याच अंशी टीसीआर किती वेळ टिकून राहतो त्याप्रमाणे लागते.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे अलीकडे जास्त लक्ष गेलं आहे. टीसीआर आणि पेप्टाइड-एमएचसी यांची जोडी लांबीला आखूड असते, दोन पेशींची आवरणं तिथे सुमारे पंधरा नॅनोमीटरवर येतात. फॉस्फेट पुसणारं मुख्य प्रथिन सीडी४५ त्या फटीत मावत नाही, ते बाजूला ढकललं जातं. त्यामुळे जोडी जुळलेल्या त्या लहानशा जागेत लावणारं एन्झाइम उरतं आणि पुसणारं कमी होतं. शिवाय पेशी स्थिर नसतात, त्या ढकलतात, ओढतात. योग्य जोडी ओढल्यावर काही काळ उलट अधिक टिकते, असं मोजमापांत दिसलं आहे, मात्र ते सगळ्या टीसीआरना लागू आहे का यावर माझ्या क्षेत्रात अजून एकमत नाही.

संवेदनशीलता मात्र थक्क करणारी आहे. एका पेशीवर एमएचसीचे लाखभर रेणू असू शकतात आणि त्यातल्या बहुतेकांवर आपलेच निरुपद्रवी तुकडे असतात. डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेत रंगवलेली पेप्टाइडं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजली, तेव्हा साधारण तीन योग्य रेणूंवरही किलर पेशी समोरच्या पेशीला मारते असं दिसलं. अँटिबॉडीसारखी घट्ट पकड इथे अडचणच झाली असती. एकच टीसीआर एका रेणूला तासभर धरून बसला असता. ढिल्या पकडीमुळे तोच रेणू एकामागून एक अनेक टीसीआरना स्पर्श करू शकतो.

आता चुकांबद्दल. चुका होतात, आणि त्या होणं गणिताने भागच आहे. नऊ जागा, प्रत्येकीवर वीसपैकी कुठलंही अमिनो आम्ल, म्हणजे सुमारे ५१,२०० कोटी शक्य तुकडे. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा टीसीआर ठेवायला शरीरात जागा नाही. म्हणून एका टीसीआरला अनेक तुकडे चालावेच लागतात. डॉन मेसन यांनी १९९८ मध्ये अंदाज मांडला होता की एक टीसीआर दहा लाखांच्या घरात तुकडे ओळखू शकत असावा, आणि २०१२ मध्ये टाइप वन मधुमेहाच्या रुग्णातून घेतलेल्या एका टीसीआरवर ते प्रत्यक्ष दिसलं. या सैलपणाला आवर घालते थायमस ही छातीतली ग्रंथी. तिथे तयार होणाऱ्या पेशींपैकी ज्यांना आपलं एमएचसी अजिबात कळत नाही त्या मरतात, ज्यांना आपल्याच तुकड्यांचा जास्त उमाळा येतो त्याही बहुतांशी मरतात. एआयआरई नावाचा घटक इन्सुलिनसारखी एरवी एकाच अवयवात बनणारी प्रथिनंही थायमसमध्ये थोडी थोडी बनवून दाखवतो. मधल्या पट्ट्यातल्या मूठभर पेशी बाहेर पडतात. टीसीआरची ढिली पकड ही या चाळणीतून उरलेली पकड आहे.

ती चाळणी टाळली तर काय होतं, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन रुग्णांच्या वृत्तान्तात दिसतं. मेज-ए३ हे ट्यूमरमध्ये सापडणारं प्रथिन. त्याच्या एका तुकड्याविरुद्धचा टीसीआर निवडून प्रयोगशाळेत त्याची पकड घट्ट करण्यात आली, आणि तो रुग्णांच्याच टी पेशींत घालून त्यांना परत दिला गेला. दोन्ही रुग्ण काही दिवसांतच हृदय निकामी होऊन गेले. हृदयात मेज-ए३ नव्हतंच. शोधल्यावर कळलं की हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या प्रथिनाचा एक तुकडा एचएलए-ए१ वर असाच बसतो. एकअक्षरी संकेतांत मेज-ए३ चा तुकडा ई-व्ही-डी-पी-आय-जी-एच-एल-वाय, टायटिनचा ई-एस-डी-पी-आय-व्ही-ए-क्यू-वाय. नऊपैकी पाच जागा सारख्या, चार वेगळ्या. मूळ पकडीचा टीसीआर कदाचित याकडे दुर्लक्ष करून गेला असता, घट्ट केलेल्याने केलं नाही. आधीच्या चाचण्यांत हृदयाच्या पेशी वापरल्या होत्या, पण त्या नेहमीच्या पद्धतीने वाढवलेल्या होत्या आणि त्यांच्यात टायटिन बनत नव्हतं. स्टेम पेशींपासून बनवलेल्या, धडधडणाऱ्या हृदयपेशींवर तपासल्यावर धोका लगेच दिसला. आता टीसीआर उपचार करणारे गट तुकड्यातली एकेक जागा बदलून टीसीआरला कुठल्या जागा खरोखर लागतात ते आधी पाहतात, आणि तो साचा माणसाच्या सगळ्या प्रथिनांत शोधतात. पकड घट्ट केली की औषध सुधारतं, असं कुणी सांगितलं तर मी पहिल्यांदा हीच चाचणी मागतो.

आणखी एक संरक्षण असं की कोवळी किलर पेशी थेट कुणाला मारत नाही. तिला आधी लसिका ग्रंथीत डेंड्रिटिक पेशीवर, म्हणजे टी पेशींना तुकडे दाखवणाऱ्या खास पेशीवर, तोच तुकडा दिसावा लागतो, सोबत धोक्याची खूण म्हणून सीडी२८ या तिच्या आणखी एका रिसेप्टरमार्फत दुसरा संदेश लागतो. डेंड्रिटिक पेशीला स्वतः संसर्ग झालेला नसला तरी तिने गिळलेल्या प्रथिनाचे तुकडे ती क्लास वनवर मांडू शकते. एकदा तयार झालेल्या किलर पेशीला मात्र दुसऱ्या संदेशाची गरज उरत नाही. योग्य तुकडा दिसला की काही मिनिटांत तिचं सेंट्रोसोम, म्हणजे पेशीतली वाहतूक जिथून आखली जाते तो बिंदू, संपर्काच्या जागी सरकतं, मारक प्रथिनांनी भरलेल्या कणिका तिथेच रित्या होतात, पर्फोरिन छिद्रं पाडतं, ग्रँझाइम आत शिरतात आणि समोरची पेशी स्वतःला संपवण्याच्या मार्गाला लागते. खेटून असलेली निरोगी पेशी सहसा वाचते.

विषाणूंनाही ही व्यवस्था ठाऊक असल्यासारखी त्यांची वागणूक असते. हर्पीस सिम्प्लेक्सचं एक छोटं प्रथिन टॅपच्या तोंडातच अडकून बसतं. सायटोमेगॅलोव्हायरस नवं एमएचसी बाहेर खेचून मोडीत काढतो. एचआयव्हीचं नेफ नावाचं प्रथिन तर निवडून काम करतं: एचएलए-ए आणि बी पृष्ठभागावरून उतरवतं, सी बऱ्याच अंशी ठेवतं. सी ठेवण्यामागचं कारण नैसर्गिक मारक पेशी. ज्यांच्यावर एमएचसी दिसत नाही अशा पेशींना त्या मारतात, आणि सी त्यांना शांत ठेवतं. काही ट्यूमर बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिनचं जनुकच गमावतात. मग क्लास वन पृष्ठभागावर येतच नाही, आणि सुरुवातीला उत्तम चाललेली इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीकडूनच ट्यूमर मारून घेणारा उपचार, अशा रुग्णांत हळूहळू निष्प्रभ होते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं होय आणि अर्धं नाही. एखादा तुकडा अमुक एचएलएवर बसेल का, हे नेटएमएचसीपॅनसारखे प्रोग्रॅम चांगलं सांगतात, विशेषतः ज्या एचएलए प्रकारांचा भरपूर अभ्यास झाला आहे त्यांच्यासाठी. पेशी तो तुकडा प्रत्यक्षात मांडते का, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे तुकड्यांची वजनं मोजून ते ओळखण्याच्या पद्धतीने, तपासता येतं. त्यासाठी कोट्यवधी पेशी लागतात आणि लहानशा बायोप्सीत त्या मिळत नाहीत. पण मांडलेल्या तुकड्याला एखादी टी पेशी ओळखेल का, हे सांगणं अजून कच्चं आहे. कर्करोगाच्या उत्परिवर्तनांतून निघालेली यादी संगणकाने दिली तरी त्यातले बहुतेक तुकडे रुग्णाच्या टी पेशींना हलवत नाहीत.

म्हणून शेवटी प्रयोगशाळेच्या बाकावरच जावं लागतं. आम्ही टी२ नावाच्या पेशी वापरतो. त्यांच्यात टॅप नाही, त्यामुळे त्यांचं एचएलए-ए२ पृष्ठभागावर कमी असतं, आणि बाहेरून घातलेलं योग्य पेप्टाइड बसलं की ते वाढलेलं फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीवरचा रंग मोजणाऱ्या यंत्रावर, दिसतं. मग त्यांच्यावर किलर पेशी सोडायच्या आणि पेप्टाइडची मात्रा दहा-दहा पटीने कमी करत जायचं. मायक्रोमोलर मात्रेला कुठलाही बरा क्लोन, म्हणजे एकाच टी पेशीपासून वाढवलेला समूह, प्रतिसाद देतो, त्यावरून काहीच ठरत नाही. त्याच्या हजाराव्या भागाच्या, म्हणजे नॅनोमोलरच्या, खाली, पिकोमोलरकडे जातानाही जो क्लोन मारत राहतो, तो कामाचा असण्याची शक्यता जास्त. त्यानंतरही त्याला पेप्टाइड न घातलेली, ते प्रथिन स्वतः बनवणारी ट्यूमर पेशी दाखवावी लागते. तिथेच बरेच क्लोन गळतात, कारण बाहेरून ओतलेला तुकडा आणि पेशीने स्वतः कापून, वाहून, बसवून मांडलेले पाच-दहा रेणू यांत फार अंतर असतं.